तांदळातलं नाव

सातपूरच्या कामगार वसाहतीतील तमाम रहिवाशांस, तसेच जिन्यात, गॅलरीत आणि नळावर उभे राहून दुसऱ्याचं बोलणं ऐकणाऱ्या सर्व आजी-माजी शेजाऱ्यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या गल्लीत खालून हाक मारण्याची प्रथा संपुष्टात आलेली आहे. सदर प्रथेच्या निधनाबद्दल कोणीही सुतक पाळलेलं नाही. शोकसभा झालेली नाही. म्हणून हे दुःखद कर्तव्य मी माझ्या शिरावर घेत आहे.

आता लोक इमारतीखाली येतात, खिशातून मोबाइल काढतात आणि मिस्ड कॉल देतात. वरचा माणूस गॅलरीत येतो, खालचा हात हलवतो. दोघांच्याही तोंडून अक्षर निघत नाही. परवा आमच्याकडे गॅसवाला आला, त्यानंही मिस्ड कॉल दिला. मला भडभडून आलं. गॅसवाल्याला वाटलं, सिलिंडरचा भाव ऐकून आलं.

नव्या पिढीच्या माहितीसाठी सांगते. खाली उभं राहायचं, मान वर करायची आणि पोटातून नाव काढायचं. वरून 'ओ' आली की झालं. पुष्कळदा काम असं नसायचंच. ओ मिळाली की हाक मारणारी आपल्या वाटेनं निघून जायची.

ही विद्या आमच्या गल्लीला शिकवली सुनंदाताईंनी. शिवणक्लासच्या फीमध्ये.

मी लग्न होऊन वसाहतीत आले ती नव्वदच्या दशकाची सुरुवात. कारखान्यांच्या बसेस शिफ्टप्रमाणे माणसं ओतायच्या आणि भरायच्या. पुरुष कामावर गेले की गल्ली बायकांची. कोपऱ्यावरच्या तळमजल्याच्या खोलीवर पाटी होती, 'सुनंदा शिवणक्लास, फक्त महिलांसाठी'. आत पायाची मशीनं, कापडाच्या चिंध्यांचा डोंगर आणि या सगळ्याच्या मधोमध ताई. बुटक्या, रुंद, केसांचा घट्ट अंबाडा. डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तशी त्यांच्या गळ्यात टेप. मोर्चाला जाताना टेप गळ्यात, बाजारात टेप गळ्यात. एकदा कोणाच्या तरी मयतीला गेल्या तेव्हाही टेप होती. मेलेल्याची बायको ती बघून घाबरली होती म्हणे.

त्यांचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे टाचण्या. ओठांत टाचण्यांची रांग धरून ताई अख्खं भाषण करू शकायच्या. हुंड्यावर, दारूवर, रॉकेलच्या रांगेवर. मधे कोणी तोंड घालायचं नाही, कारण उत्तर देताना टाचणी गिळली तर पाप कोणाला? मला आजही वाटतं, त्यांच्या बोलण्याला वसाहतीत जो मान होता त्यातला निम्मा टाचण्यांचा होता.

ब्लाऊज मात्र त्यांनी सांगितल्या दिवशी कधी दिला नाही. "काजं बाकी आहेत" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा आईच्या तोंडून 'जेवलीस का' ऐकलं नसेल. जगातल्या सर्व बायकांना न्याय मिळेल, पण ठरल्या दिवशी ब्लाऊज मिळणार नाही, असं आम्ही त्यांच्यासमोर म्हणायचो. त्या म्हणायच्या, "न्यायाचीसुद्धा काजं बाकी आहेत."

क्लासला नवी बाई आली की ताई आधी माप घेत नसत. आधी विचारत, "आईनं ठेवलेलं नाव काय?"

आता हे नीट समजून घ्या. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. टाळ्या होतात, पेढे वाटतात. त्यानंतर जुनं नाव कुठं जातं हे कोणी विचारत नाही. ताटातले तांदूळ गोळा करून ठेवतात, नाव सांडून जातं. आमच्या क्लासमधल्या निम्म्याहून अधिक बायका अशा सांडलेल्या. संगीता होती ती मुळची लीला. मनीषा होती ती मुळची रुक्मिणी. ताई त्यांना जुन्या नावानंच हाक मारत. आणि कशी, तर क्लासात बसून नाही. त्यांच्या घराखाली जाऊन, मान वर करून, भर दुपारी.

"हाकेला ओ द्यायची," हा दुसरा नियम. "'कोण ते' म्हणायचं नाही. 'आले' म्हणायचं नाही. ओ. मोठ्यानं. आपण आहोत हे आपल्यालाच ऐकू आलं पाहिजे."

माझं नाव सासरी कोणी बदललं नव्हतं. ताईंना हे कळलं तेव्हा त्या नाराज झाल्या.

"म्हणजे तुझ्यावर काहीच अन्याय झाला नाही?"

"अजून तरी नाही."

"बस मग कोपऱ्यात. हूक लाव."

त्या कोपऱ्यातून मी पुढची बारा-तेरा वर्षं हे सगळं पाहिलं.

आमच्या समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर मथुराकाकू राहायच्या. पिंपळगाव बसवंतकडच्या. आवाज असा की त्यांनी गॅलरीतून भाजीवाल्याशी घासाघीस केली तर पुढच्या गल्लीतला भाजीवाला भाव कमी करायचा. त्यांची सून अलका. आमच्यात सगळ्यांत गरीब, कधी मान वर न करणारी. ती क्लासला आली, आणि दुसऱ्याच दिवशी ताई समोरच्या इमारतीखाली उभ्या.

"पुष्पा! ए पुष्पाऽ!"

मथुराकाकू गॅलरीत आल्या. "इथं कोणी पुष्पा नाय."

"आहे. आत भाकरी करतेय."

"आत आमची अलका हाय."

"तिलाच म्हणतेय. पुष्पा ए!"

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुधा उलथनं. आणि मग सासूच्या पाठीमागून, दाराच्या आतूनच, एक बारीक 'ओ' आली. इतकी बारीक की गल्लीतल्या कोणाला ऐकू आली नसेल. ताईंना आली. त्या म्हणाल्या, "काही नाही गं, नुसती हाक मारली," आणि निघाल्या.

मथुराकाकूंनी त्या दिवशी ताईंच्या सात पिढ्यांची चौकशी केली. "हिला स्वोताचा नवरा नाय संबाळता आला, आन् ही आमच्या सुनांची बारशी करती," हे वाक्य नळावर तीन दिवस चाललं. त्यात खोटं काही नव्हतं. ताईंना नवऱ्यानं टाकलं होतं. इगतपुरीला रेल्वेत होता. दोन वर्षं संसार केला आणि एका दिवशी हिला माहेरी पोचवून दुसरी आणली. ताई हे सगळं मशीनचं चाक फिरवावं तसं सांगायच्या, न थांबता. फक्त एकदाच मला म्हणाल्या, "इगतपुरीची हवा माहिती आहे ना? तांदूळ दमट होते. त्यानं सुनंदा लिहिलं ते चिकटून बसलं. नवरा गेला, माणसं गेली, नाव काही निघेना. रेशन कार्ड तेच, क्लासची पाटी तीच."

"मग तुमचं खरं नाव काय?" मी विचारलं.

"नांदगावला राहिलं."

"सांगा तरी."

"सांगून काय करायचं? नाव सांगायला नसतं गं. हाक मारायला असतं. मारणारी आई होती, ती गेली. भाऊ 'ताई' म्हणायचे, आता तेही म्हणत नाहीत. तू ऐकून ठेवशील आणि मुद्दाम हाक मारशील. मुद्दाम मारलेली नको."

एवढं बोलून त्यांनी टाचण्या तोंडात घेतल्या. म्हणजे विषय बंद.

तेव्हापासून माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. लोक 'सुनंदाताई' अशी हाक मारायचे तेव्हा त्या कधी 'ओ' म्हणत नसत. "बोला," म्हणायच्या. नेहमी "बोला". बँकेतल्या माणसासारखं. आणि दिवेलागणीला, चाळीचाळीतून पोरांना घरी बोलवायच्या हाका सुरू झाल्या की त्यांचं मशीन थांबायचं. मान थोडी तिरपी व्हायची. आम्हाला आधी वाटायचं, कंपनीचा भोंगा ऐकतात. भोंगा होऊन गेलेला असायचा. हाका संपल्या की मशीन पुन्हा सुरू.

शैलाची गोष्ट सांगितल्याशिवाय ताई पुऱ्या होत नाहीत. शैला ऐन मे महिन्यात ब्लाऊज शिवायला आली आणि म्हणाली, "बाही कोपराच्या खाली घ्या." ताईंनी काही विचारलं नाही. माप घेतलं, लिहिलं आणि ती गेल्यावर आम्हाला म्हणाल्या, "उन्हाळ्यात लांब बाही मागणारीवर लक्ष ठेवा." आम्ही दंड झाकणाऱ्या बाह्यांच्या फॅशनवर बोलत होतो. त्या झाकलेल्या दंडाबद्दल बोलत होत्या.

शैलाचा नवरा विलास पहिली शिफ्ट करून यायचा, वाटेत गुत्त्यावर थांबायचा आणि मग घरी येऊन हात चालवायचा. दारं लावलेली असायची, रेडिओ मोठा असायचा. सगळ्यांना माहीत होतं. एका संध्याकाळी रेडिओ मोठा झाला तशा ताई उठल्या, शैलाच्या इमारतीखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"शैलाऽ! ए शैला!"

रेडिओ आणखी मोठा झाला.

"शैला, ब्लाऊज झाला गं तुझा!"

आम्ही थक्क झालो. ताईंचा ब्लाऊज, आणि झाला? शेवटी विलास गॅलरीत आला. "उद्या नेईल ती."

"आत्ता घालून बघायचाय. बाही चुकली असली तर उसवायला लागेल."

"उद्या म्हटलं ना."

"उद्या मी नाही. शैला, ए शैला, ओ दे गं!"

आता बाकीच्यांना कळलं. लीला बाहेर आली आणि तिनं हाक मारली. मग रुक्मिणी. मग मी, कोपऱ्यातली. आणि मग समोरच्या गॅलरीतून, सासूच्या देखत, पुष्पा. "शैलाऽ" असा अख्ख्या गल्लीचा गजर झाला. आजूबाजूच्या इमारतींतले पुरुष बनियनवर बाहेर आले, विलासकडे बघायला लागले. एवढ्या बायका एका बाईला हाक मारत असताना तिला मारत राहणं कोणालाही जमत नाही. शैला बाहेर आली. तोंडावर पदर होता. तिनं 'ओ' दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या पोलीस चौकीत. हवालदार म्हणाले, "घरातली भांडणं घरात मिटवा बाई." ताई म्हणाल्या, "तक्रार लिहून घेईपर्यंत बसतो. तुम्ही तुमचं काम करा, आम्ही आमचं." मग पिशव्यांतून ब्लाऊजचे तुकडे निघाले आणि चौकीच्या बाकावर, पायरीवर, खिडकीत बसून आम्ही काजं करायला लागलो. दुपारपर्यंत हवालदारांच्या टेबलावर दोऱ्याची रिळं आली. कोणीतरी त्यांच्या सदऱ्याचं लोंबणारं बटण शिवून दिलं. "साहेब, छाती बेचाळीस, सदरा अडतीस. म्हणून तुटतं," ताईंनी निदान केलं. तक्रार लिहून घेतली गेली. कायद्याच्या धाकानं की बाक मोकळा करण्यासाठी, हे देव जाणे.

विलास सुधारला असं मी म्हणणार नाही. तो घाबरला. पण घाबरलेला माणूसही बरीच वर्षं ठीक चालतो, आणि तेवढ्यात शैलानं क्लासमधलं एक मशीन चालवायला घेतलं. तिच्या बाह्या पुन्हा आखूड झाल्या.

काम फत्ते झालं की ताई आम्हाला मिसळ खायला न्यायच्या. तर्री वाटीनं वेगळी मागून घ्यायच्या आणि खाताना डोळ्यांतून पाणी वाहायचं. "मी रडत नाहीये, तर्री आहे," हे ठरलेलं वाक्य. चौकीतून आलो त्या दिवशीही तर्रीच होती.

एकदा परदेशातल्या बायका क्लास बघायला आल्या. कुठल्याशा परिषदेसाठी मुंबईला आल्या होत्या, तिथून कोणीतरी त्यांना नाशिकला आणलं. एक उंच, पांढऱ्या केसांची, युरोपातली. दुसरी आफ्रिकेतली, रंगीत कापड डोक्याला बांधलेली. त्या कापडाला हात लावून बघण्यात क्लासची पहिली पंधरा मिनिटं गेली. मग त्यांच्यासोबतच्या दुभाष्या बाईंनी विचारलं, "ताईंना काही विचारायचंय का?" आम्हाला वाटलं ताई कायद्याचं विचारतील. ताईंनी टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, "यांना विचारा, लग्न झाल्यावर तुमचं नाव बदललं का?"

दोघी हसायला लागल्या. आफ्रिकेतल्या बाई म्हणाल्या, लग्नानंतर त्यांना सगळे नवऱ्याच्या नावानं आणि मूल झाल्यावर मुलाच्या नावानं ओळखतात, अमक्याची आई. युरोपातल्या बाईंनी तर आडनाव लग्नात बदललं, घटस्फोटानंतर परत घेतलं, दुसऱ्या लग्नात पुन्हा बदललं, आणि आता दाराच्या पाटीवर काय लिहावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. ताई ऐकत राहिल्या. मग उठल्या, दोघींना दारात उभं केलं आणि त्यांची आईनं ठेवलेली नावं विचारून घेऊन त्या नावांनी गल्लीत दणदणीत हाका मारल्या. उच्चार सगळे चुकले. दोघींनी 'ओ' दिली, ती मात्र बरोबर. पाहुण्या गेल्यावर ताई म्हणाल्या, "पोरींनो, आपण एकट्या नाही. सगळ्या पृथ्वीवर हेच चाललंय. आपल्याकडे तांदूळ स्वस्त, एवढाच फरक."

आता मुख्य प्रसंग. मथुराकाकूंच्या मुलीचं, कल्पनाचं लग्न.

कल्पना आईला चोरून क्लासला यायची आणि आई ते माहीत नसल्याचं नाटक करायची. मुलगा नांदगावचा, मोटार रिवाइंडिंगचं दुकान असलेला, सरळ. नाव दगडू. लग्न हॉलमध्ये. कल्पनानं हट्ट करून ताईंना बोलावलं होतं. मथुराकाकूंनी त्यांच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं आणि त्यासाठी त्या सारखं त्यांच्याकडे बघत होत्या.

लक्ष्मीपूजनाला ताट आलं. तांदूळ पसरले. दगडूची आई म्हणाली, "मनीषा लिव्ह. मनीषा चांगलं हाय. पत्रिकेत जुळतंय."

कल्पनानं मान खाली घातली. मी मथुराकाकूंकडे पाहिलं. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पदराचं टोक मुठीत आवळलेलं, आणि तो पिंपळगावचा आवाज गायब. ताई त्यांच्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "काकू, तुम्ही बोलता का मी बोलू?"

"मुलीची आई काय बोलणार?" मथुराकाकू म्हणाल्या. "हिला आत्या नव्हती. बारशाला कानात नाव मीच सांगितलं व्हतं."

ताई पुढे झाल्या. मला वाटलं, आता भाषण. पण त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "छान. नावं बदलायचीच तर दोघांची बदलू या. कल्पे, घे अंगठी. आधी तू लिही. जावईबापूंचं काय ठेवायचं?"

कल्पना मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यांत हुशार मुलगी. क्षणभरसुद्धा न थांबता तिनं अंगठी घेतली आणि तांदळात लिहिलं, राहुल.

हॉलमध्ये हशा झाला. दगडूच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या. आणि खुद्द दगडू. त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. जन्मभर दगडू म्हणून चिडवून घेतलेला माणूस, फुकटात राहुल झाला होता. "चालेल मला," तो म्हणाला.

"गप रे," त्याची आई ओरडली. "चालेल काय? नवसाचं नाव हाय ते. तुझ्या आधीची दोन गेली माझी. तू राहावा म्हून दगडू ठेवलं. असं कसं कोणी पुसंल?"

ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज एकदम खाली आणून, टाचण्यांशिवायचा, त्या म्हणाल्या, "नका पुसू. पण मावशी, हिचंही कोणीतरी असंच ठेवलेलं आहे. ती बघा, मागं उभी आहे."

दगडूच्या आईनं मथुराकाकूंकडे पाहिलं. मग तिनं तळहात ठेवला आणि ताटातले तांदूळ सारखे केले. राहुल गेला. मनीषा लिहिलीच गेली नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "दोघांचीबी हायेत ती राहू द्या."

दगडू थोडा हिरमुसला, हे नोंदवायलाच हवं.

पंगतीत मी ताईंच्या शेजारी बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पानात पाहिलं. जिलबी, मठ्ठा, बटाट्याची भाजी. तर्री कुठंच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातून मथुराकाकूंचा आवाज आला, "पुष्पे, चहा टाक." अख्खी गल्ली गॅलरीत आली. नाव परत मिळालं, चहा मात्र तिनंच टाकायचा. ताईंना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "असू दे. आधी नाव, मग कप. एकदम सगळं उसवलं तर कापड फाटतं." वर्षभरानं मथुराकाकू स्वतः झंपराचं कापड घेऊन क्लासला आल्या. ताईंनी तो झंपर इतका उशिरा दिला की मैत्री पक्की झाली यात शंका उरली नाही.

पुढं कल्पनाला मुलगी झाली. बारशाला मथुराकाकू नांदगावला गेल्या आणि चांगल्या महिनाभर राहिल्या. परत आल्या त्या जरा गप्पच. ताई खालून "काकू" म्हणून हाक मारायच्या तेव्हा काकू गॅलरीत यायच्या, तोंड उघडायच्या आणि "काय नाय" म्हणून आत जायच्या. आम्हाला वाटलं वय झालं.

गल्लीही बदलत होती. रेडिमेड ब्लाऊज आले, नायटी आल्या, क्लासातल्या मुली कॉम्प्युटर शिकायला जायला लागल्या. मोबाइल आले. ताईंनी मोबाइल हातात धरून बघितला आणि परत केला. "वाजतो, पण नाव कुठं घेतो?" म्हणाल्या. दिवेलागणीला पोरांना हाका मारणं थांबलं, कारण पोरं टीव्हीसमोरच असायची. ताईंचं मशीन मात्र त्या वेळेला थांबायचंच. मान तिरपी. गल्लीत काही नाही. थोड्या वेळानं मशीन पुन्हा सुरू.

मग एक दिवस कळलं, ताई चालल्या. पेठच्या डोंगराकडे बायकांच्या एका संस्थेनं शिवणकेंद्र काढलं होतं. तिथल्या बायका कामासाठी हंगामात घरं सोडून जातात, त्यांना गावातच काही मिळावं म्हणून. "अहो, या वयात?" आम्ही म्हटलं. "गुडघे दुखतात म्हणता ना?" ताई म्हणाल्या, "मशीन पायाचं आहे, गुडघ्यांना व्यायाम होईल." पण मला त्यांनी खरं कारण सांगितलं, हूक लावता लावता. "तिथं अजून डोंगरावरून हाका मारतात गं. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर."

निघायच्या दिवशी संध्याकाळी द्राक्षांचा एक टेम्पो भाड्यानं आला. त्याला अजून क्रेटचा वास होता. मशीनं चढली, चिंध्यांची गाठोडी चढली. शैला दोऱ्या बांधत होती. पुष्पानं दशम्या दिल्या. पाटी उतरवायला कोणी तयार होईना, शेवटी ती तशीच राहिली. ताई ड्रायव्हरशेजारी बसल्या, टेप गळ्यात. आम्ही सगळ्यांनी "या हं सुनंदाताई" म्हटलं. त्या म्हणाल्या, "बोला." सवयीनं. मग स्वतःच हसल्या.

मथुराकाकूंना खाली उतरवत नव्हतं. त्या गॅलरीत कठडा धरून उभ्या होत्या. टेम्पो सुरू झाला, धूर सोडत हळूहळू वळणापर्यंत गेला. तेवढ्यात वरून तो आवाज आला, पिंपळगावचा, बऱ्याच वर्षांत न ऐकलेला, भाजीवाल्यांचा थरकाप उडवणारा.

"धुरपेऽ! ए धुरपदाऽ!"

आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. गल्लीत धुरपदा नावाची कोणी नव्हती.

टेम्पो थांबला. दार उघडलं. ताई खाली उतरल्या, गुडघ्यावर हात ठेवून. मान तिरपी. दिवेलागणीला व्हायची तशीच. त्यांनी वळून वर पाहिलं, आणि त्यांच्या त्या एवढ्या मोठ्या अंगातून एका लहान मुलीची, लांब, पातळ 'ओऽ' निघाली. तशी ओ मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. त्यानंतरही नाही, कारण त्यांना मी पाहिलं ते शेवटचं.

"काय गं?" ताईंनी तिथूनच विचारलं. मथुराकाकूंना 'गं' म्हणायची हिंमत आयुष्यात कोणाची झाली नव्हती.

मथुराकाकू गोंधळल्या. नांदगावच्या कुठल्या म्हातारीला विचारून आणलेलं ते नाव त्यांनी इतकी वर्षं पोटात धरून ठेवलं होतं, पण हाकेच्या पुढं काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. त्यांनी कठडा घट्ट धरला, पदरानं नाक पुसलं, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय नाय गं. नुसती हाक मारून पाह्यली."